बेरिक : फुटबॉल बघायला गेलो आणि तोंडात माती घेऊन आलो

भाचा न्यूकॅसलला असतो, त्याच्याकडे आठ दिवस होतो. लंडन, एडिनबरा वगैरे झालं, ते सगळ्यांनी लिहिलंय त्यामुळे मी लिहीत नाही, गर्दी होती, पाय दुखले, एडिनबराचा किल्ला चांगला आहे पण आपला पन्हाळा स्वस्तात बघायला मिळतो. मला जायचं होतं ते बेरिकला. भाचा म्हणाला, "मामा, तिथं काय नाय बघायला." बायको म्हणाली, "ह्यांना जे नसतं तेच बघायचं असतं."

आता कोल्हापूरच्या माणसाला बेरिक कुठून माहीत? फुटबॉलमुळे. आमच्याकडे पाटाकडील आणि दिलबहार या दोन फुटबॉल संघांची मॅच असली की अर्धं शहर शाहू स्टेडियमला असतं, त्यामुळे छोट्या गावाने मोठ्याला हरवलेल्या गोष्टी आम्हाला पाठ असतात. बेरिक रेंजर्स हा इंग्लंडमधला क्लब, पण खेळतो स्कॉटलंडच्या लीगमध्ये. गाव सरहद्दीवर, इंग्रज आणि स्कॉट लोकांनी ते एकमेकांकडून इतक्यांदा हिसकावलं की शेवटी 1482 पासून इंग्लंडकडे राहिलं ते राहिलं. फुटबॉलला मात्र ते मान्य नाही. (बेळगाव-निपाणीवाल्यांनी ह्यावर विचार करावा, मी काही बोलत नाही.)

तर 28 जानेवारी 1967, स्कॉटिश कप, समोर ग्लासगोचे रेंजर्स, म्हणजे हत्तीच. आणि बेरिकने त्यांना 1-0 ने पाडलं. गोल सॅमी रीडचा. बेरिकचा गोलकीपर आणि मॅनेजर एकच माणूस, जॉक वॉलेस, आणि गंमत बघा, हाच बाबा पुढे त्याच ग्लासगो रेंजर्सचा मॅनेजर झाला आणि दोन वेळा तिन्ही मोठ्या ट्रॉफ्या एकाच सीझनला जिंकून दिल्या. त्या दिवशी हरलेल्या रेंजर्सच्या दोन फॉरवर्डना, फॉरेस्ट आणि मॅक्लीनला, क्लबने परत कधी खेळवलंच नाही. गोल झाला नाही म्हणून माणसाची रोजीरोटी गेली, काय म्हणायचं.

स्टेशनवर उतरलो, इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनचा 1850 चा रेल्वे पूल खरोखर देखणा आहे, बायकोने फोटो काढले, तेवढ्यावर तिचं बेरिक संपलं. बेरिकचं मैदान, शीलफील्ड पार्क, नदीपलीकडे ट्वीडमाउथला आहे, घरांच्या रांगेत, लांबून कळतसुद्धा नाही. मी कधी बघितलं नाही असं मैदान. मधे हिरवंगार फुटबॉलचं ग्राउंड, आणि भोवती विटकरी रंगाची, बारीक खडीसारखी माती टाकलेला 368 मीटरचा गोल रस्ता. फुटबॉल त्या दिवशी नव्हताच. शनिवारी सात वाजता मोटरसायकलींची शर्यत होती, स्पीडवे, आणि तिकीट काढून आत गेल्यावर मला ते कळलं! भाचा हसत होता, त्याला आधीच माहीत होतं.

आता हे काय असतं ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. एका वेळी चार गाड्या, चार फेऱ्या, डावीकडे वळत वळत. गाडी 500 सीसी, एकच सिलिंडर, पेट्रोल नाही तर मिथेनॉल, गिअर एक, आणि ब्रेक नाही. नाहीच. बायकोने विचारलं, "मग इन्शुरन्स?" पहिल्याला 3 गुण, मग 2, 1 आणि शेवटच्याला भोपळा. सगळं मिनिटभरात संपतं, अशा पंधरा शर्यती, एकेकीला हीट म्हणतात.

आम्ही हौसेने वळणापाशी जाऊन उभे राहिलो, तिकडे गर्दी कमी होती. गर्दी का कमी होती ते पहिल्याच हीटला समजलं. चौघे आले, गाड्या आडव्या टाकल्या, डाव्या पायाच्या बुटाला लोखंडाचा तळ असतो तो मातीत घासत, आणि मागच्या चाकाने उडवलेली माती आमच्या अंगावर, केसात, बायकोच्या चहात. तिने कप बघितला, मग माझ्याकडे बघितलं. शेजारचा एक म्हातारा मात्र शांत. त्याने माती यायच्या बरोबर आधी कपावर कागद धरला होता, आणि माती गेल्यावर त्याच कागदावर पेनाने 3-2-1-0 लिहिलं. लाल-निळं हेल्मेट घरचे, पांढरं-पिवळं पाहुणे, हे त्यानेच सांगितलं, आणि मला जास्तीचा कागद आणि पेन दिलं. आपल्या लोकांनी दिलं असतं का? दिलं असतं, पण आधी गाव विचारलं असतं.

1967 ला तो नऊ वर्षांचा होता, वडिलांच्या खांद्यावर. तेरा हजारांवर माणूस होतं म्हणाला. आणि तेव्हा ही माती नव्हती. स्पीडवे आलं पुढच्याच वर्षी, 1968 ला, बेरिक बॅंडिट्स नावाने. 1980 नंतर बाइकवाले इथून गेले, गावाबाहेर बेरिंग्टन लॉफला शर्यती लावायचे, नव्वदच्या दशकात परत आले. म्हणजे एका वाड्यात दोन भाऊ. फुटबॉलवाल्यांची कायमची कुरकुर की ट्रॅकमुळे प्रेक्षक खेळापासून लांब पडतो. मला दोन्ही पटतं. शाहू स्टेडियमभोवती कोणी माती टाकली तर कोल्हापुरात काय होईल विचार करा. पण म्हातारा म्हणाला त्यात तथ्य आहे, 2019 ला कोव्ह रेंजर्सकडून दोन मॅचमध्ये मिळून सात गोल खाऊन बेरिक वरच्या लीगमधून खाली पडलं, तेव्हाही शनिवारी संध्याकाळी इथे दिवे लागतच होते.

मग त्याने स्टँडकडे बोट केलं. साधा लोखंडी स्टँड, मी बघितलाही नव्हता. मैदान 1954 चं, आणि स्टँडचा सांगाडा ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावरून जुना विकत आणलेला. त्याच व्हॅली परेडवर 1985 ला आग लागून 56 माणसं गेली, स्टँड दुसरा होता पण मैदान तेच. हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही, फक्त पेन थांबलं. पुढची हीट सुटली तरी त्याने ती लिहिली नाही, मी लिहिली, आणि नंतर त्याने ती माझ्या कागदावरून बघून घेतली.

तेरा हीट झाल्या आणि भाच्याने घड्याळ दाखवलं, ट्रेन. म्हाताऱ्याशी हात मिळवला, नाव विचारायचं राहिलं. पुलापर्यंत आलो तरी मागून इंजिनांचा आवाज येत होता. ट्रेनमध्ये भाचा म्हणाला, "मामा, नेटवर स्कोअर टाकतात, बघू का?" म्हटलं नको बघू. कागद घरी कपाटात आहे, चौदा आणि पंधरा रिकामे. आणि बायकोचा तो पांढरा कुर्ता तीनदा धुतला, कॉलरवर अजून विटकरी रंग आहे, तो माझ्याच नावावर मांडलाय.