ऑडिशनची तयारी : "दादा, सही कर ना"

मंडळी, मागच्या नोंदीत पाठांतराबद्दल लिहिलं होतं. यावेळचं बहुतेक काम एकाच वाक्यावर झालं.

सरावासाठी आमच्या ग्रुपने स्वतःच एक छोटा सीन लिहिलाय. वडिलोपार्जित घर विकायचंय. धाकटा भाऊ थोरल्यापुढे कागद सरकवतो आणि म्हणतो, "दादा, सही कर ना." दुःख, राग असा भाव न ठरवता मी प्रत्येक वेळी फक्त एक क्रियापद ठरवून हे वाक्य घेतलं. विनवणं घेतलं तेव्हा 'दादा' आपोआप लांबला. कोंडीत पकडणं घेतलं तेव्हा 'ना' जवळजवळ गिळला गेला आणि नजर कागदावरून हललीच नाही. मग लाजवणं घेतलं. आवाज खाली आला, वाक्य अगदी साधं निघालं, आणि क्यू देणारी, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं बोलणारी मैत्रीण पुढचं वाक्य घ्यायचंच विसरली. तेच पक्कं केलं.

माझ्या मते ऑडिशनमधला आत्मविश्वास इथूनच येतो. समोरच्याकडून मला काय हवंय हे नक्की असलं, की डोळे दादाच्या हाताकडे लागतात, तो पेन उचलतो की नाही तिकडे. मग समोर बसलेली माणसं वहीत काय लिहितायत इकडे लक्ष द्यायला सवडच राहत नाही.

छातीतली धडधड मात्र असतेच, आणि ती घालवायच्या मागे मी आता लागत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन जरूर वाचा. भाषणाआधी स्वतःला "मी शांत आहे" असं सांगणाऱ्यांपेक्षा "मी उत्सुक आहे" म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. नाव पुकारायच्या आधी मी हेच पुटपुटतो, आणि श्वास घेतो त्याहून सावकाश सोडतो.

सेल्फ टेपचं, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशनचं थोडक्यात : मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत. क्यू देणारा कॅमेऱ्याला अगदी खेटून उभा हवा. तो लांब उभा राहिला की अर्धा चेहरा वाया जातो. इंट्रोत, म्हणजे स्वतःची ओळख करून देताना, मात्र थेट लेन्समध्ये बघायचं.

सध्या सगळ्यात जास्त मजा येतेय ती बदल झेलण्याच्या सरावात. सीन संपला रे संपला की मैत्रीण सांगते, "आता हेच, पण दादा आजारी आहे." विचार करायला वेळ नाही, लगेच पुन्हा. पात्रनिवडीत अशी सूचना मिळाली की पहिलं काम आवडलं नाही असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. दिग्दर्शक बघत असतो की या नटाबरोबर तालीम करता येईल का. पहिल्यापेक्षा वेगळं काहीतरी ठामपणे करून दाखवणं हेच तिथलं उत्तर.

आता राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या संस्थेत वाचनं सुरू होतील. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत हौशी नटाची निवड बहुधा हातात संहिता धरूनच होते, त्यामुळे पुढचा सराव न पाहिलेल्या पानांचा. ओळ नजरेने उचलायची, मान वर करायची, समोरच्याकडे बघून बोलायची आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत खाली बघायचं नाही. पुढची ओळ हरवू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा समासात सरकवत न्यायचा. जोडीला कुणी वाचायला तयार असेल तर सांगा, रविवारी सकाळी बसू.