रविवारची गोळी

मी घरी होते त्या सगळ्या वर्षांत नोकरीची विचारणा येत होती, पण मला नाही, माझ्या सर्टिफिकेटला. डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालेली बाई घरात बसलीय हे कळलं की कुणीतरी ओळख काढून यायचंच. "वहिनी, रजिस्ट्रेशन चालू आहे ना? मग लावा की आमच्या दुकानात. तुम्ही यायची गरजच नाही, पैसे महिन्याच्या महिन्याला घरपोच." औषधाच्या लाइनमधल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. 1948 च्या फार्मसी कायद्यातलं कलम 42 सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणून भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये सर्टिफिकेट लावतात, आणि त्यावर जिचं नाव आहे ती घरी पोळ्या लाटत असते.

सासूबाईंना यात वावगं काही वाटायचं नाही. घर सोडायला नको, पोरांकडे लक्ष, वर चार पैसे. मी नाही म्हणत राहिले ते काही फार तत्त्वाची म्हणून नाही. मला भीती वाटायची. उद्या कुणाला भलतंच औषध गेलं तर नाव माझं निघणार, आणि मी त्या दुकानाची पायरीही चढलेली नसणार.

धाकटा हायस्कूलला गेला आणि मी स्वतःच दुकानं विचारत फिरायला लागले. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे एक मेडिकल आहे. तिथल्या मालकांनी सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "बरं. कधी आणून लावताय?" मी म्हटलं, मी पण येणार आहे, रोज, दहा ते सहा. ते जरा गडबडले. मग बारा हजार ठरले. "गर्दीच्या वेळी बिलं बघा. बाकी आमचे मामा आहेतच काउंटरला," म्हणाले.

मामा म्हणजे काउंटरचा जुना माणूस. शिक्षण दहावी, पण कुठला ब्रँड कुठल्या खणात हे डोळे मिटून सांगणार. पहिले काही आठवडे मी त्यांच्या मागे मागे फिरत होते. मी काम सोडलं तेव्हा बिलबुकात कार्बन घालून बिलं व्हायची, आता स्कॅनर आणि सॉफ्टवेअर. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ठरावीक औषधं कुणाला दिली त्याची वेगळी नोंद ठेवायचं रजिस्टर तेव्हा नव्हतंच, ते 2014 पासून आलं. डायबिटीसच्या खणात तर मला निम्मं काही ओळखू येईना. ग्लिप्टिन, ग्लिफ्लोझिन, त्यांची मेटफॉर्मिनबरोबरची जोडकामं. रात्री पोरं झोपली की मोठीच्या जुन्या वहीत मागच्या पानांपासून मी याद्या करायचे: डावीकडे ब्रँड, उजवीकडे आतलं औषध. मामांना ब्रँड पाठ होते, मला मॉलिक्यूल आठवत होते. एकमेकांचं आमचं फारसं जमत नव्हतं, पण दुकान चालत होतं.

तो एप्रिलमधला दिवस. त्यात आमच्या भागात पाणी यायचा दिवस. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे त्या दिवशी घरातली बाई कलेक्टर असली तरी आधी पिंपं भरते. सगळं भरून, डबे करून दुकानात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. मालक मुलाच्या ॲडमिशनला गेलेले. दुपारी बाराच्या सुमाराला एक म्हातारी आली. साठीची असेल, वाटत होती जास्त. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू.

"नोरंता पुंड्लु," ती तोंडाकडे बोट करून म्हणाली. सगळ्या तोंडात फोड. माझं बालपण साखर पेठेत, पद्मशाली शेजाऱ्यांच्यात गेलंय, त्यामुळे तेलुगू मला कळतं, मोडकंतोडकं बोलताही येतं. मामांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी क्षणात तोंडाला लावायचं जेल आणि बी-कॉम्प्लेक्सची पट्टी काउंटरवर ठेवली. उन्हाळ्यात तोंड आलंय, अशी रोज पाच माणसं येतात. यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

तिने मग आणखी एक मागितलं, दुखण्यावरची गोळी. पैसे काढायला हात पुढे केला तेव्हा मला तिची बोटं दिसली. दोन्ही हातांचे सांधे सुजून गाठाळलेले, बोटं एका बाजूला कललेली. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडा तंबाखूने काळ्या. पूर्व भागात हे हात ओळखायला वेळ लागत नाही, विड्या वळणाऱ्या बाईचे हात. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू, दोरा घरी आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी माल नेऊन द्यायचा. त्यातल्या वाकड्यातिकड्या छाटात जातात, त्याचे पैसे नाहीत. बोटं अशी झाल्यावर छाट वाढणारच. पण त्या हातांवर मला आणखी एक दिसलं. बांगड्या जिथे घासतात तिथे मनगटाभोवती जांभळे डाग होते. मार लागल्यासारखे.

"अम्मा, सांध्यांची गोळी चालू आहे का कुठली?"

तिने पदराची गाठ सोडली. आतून दोन पट्ट्या निघाल्या. एक मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅमची, तिच्यात मोजक्या गोळ्या राहिलेल्या. दुसरी फॉलिक ॲसिडची, ती जवळजवळ भरलेली.

हे उलट असायला हवं होतं. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. फॉलिक ॲसिड त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून बाकीच्या दिवशी. म्हणजे संपायला हवी ती फॉलिकची पट्टी.

"ही कशी घेता?"

"रोजू ओकटि." रोज एक. "आदिवारं नाही. आदिवारं ती दुसरी." आदिवारं म्हणजे रविवार.

मामा मागून हळूच म्हणाले, "मॅडम, द्या की हो. कशाला चौकशी? गिऱ्हाईक जाईल." मी जेल आणि बी-कॉम्प्लेक्स उचलून बाजूला ठेवलं आणि पेनकिलर तर देणारच नाही म्हटलं. मेथोट्रेक्सेट किडनीवाटे बाहेर जातं, आणि डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या ती वाट आणखी अडवतात. तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, ऊन लागलंय.

नातवाला सायकलवर घरी पिटाळलं, फाइल आणायला. फाइल येईस्तोवर मी तिला स्टुलावर बसवलं, माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. ते गिळतानाही तिचा चेहरा कसनुसा होत होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी सगळं नीट लिहिलेलं होतं, इंग्रजीत का होईना: एक गोळी आठवड्यातून एकदा, संडे. दुसरी संडे सोडून रोज. चूक डॉक्टरांची नव्हती. फाइलमध्येच कागदी पाकीट होतं, दवाखान्याजवळच्या कुठल्याशा मेडिकलचं. त्यावर बॉलपेनने खुणा होत्या आणि त्या नेमक्या उलट्या होत्या. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारक्या, आणि मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडचं नावही 'फॉलि'नेच सुरू होतं. ज्याने पट्टी दिली त्याने नाव अर्धं वाचून हात मोकळा केला. पाठीमागे फ्रेममध्ये सर्टिफिकेट असणारच. त्यावरचं नाव त्या वेळी कुठे होतं, याचा मी नंतर बराच विचार केला. असेल घरी, पाणी भरत.

डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. फार्मासिस्ट बोलतेय म्हटल्यावर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "ऑर्डरचं संध्याकाळी बोला, सर ओपीडीत आहेत." मी पुन्हा लावला. तिने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, तुमच्या पेशंटने मेथोट्रेक्सेट रोज घेतलंय, आठवड्याहून जास्त, तोंडात फोड आहेत, ताप आहे, अंगावर डाग आहेत, एवढंच सरांना जाऊन सांग, मी लाइनवर थांबते. पंख्याचा आवाज ऐकत थांबले. मग सर स्वतः आले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, किती मिलिग्रॅम आणि शेवटची गोळी कधी. आज सकाळी, मी सांगितलं. "लगेच पाठवा. ओपीडीत नको, थेट कॅज्युअल्टीला. मी सांगून ठेवतो."

म्हातारी मात्र उठायला तयार नाही. सूप तसंच टाकून आलेय, पानं भिजत घातलीत, आज माल दिला नाही तर उद्या पानं मिळणार नाहीत. तोंड तर आलंय, त्याला दवाखाना कशाला? मी माझ्या तुटक्या तेलुगूत सांगत होते, ही गोळी वारानिकि ओक्कसारे, आठवड्यातून एकदाच, रोज घेतली की रक्तावर जाते. तिला ते पटत नव्हतं, कारण तिला त्या गोळीने बोटांना खरंच थोडं बरं वाटत होतं. शेवटी मामा काउंटरबाहेर आले. तिच्यासमोर उकिडवे बसून त्यांनी अस्खलित तेलुगूत काय सांगितलं ते मला अर्धंच कळलं. त्यांच्या आईनेही आयुष्यभर विड्या वळल्या, एवढं कळलं. म्हातारी उठली.

मी निघाले बरोबर, तर मामा म्हणाले, "तुम्ही गेलात आणि नेमका एफडीएचा, औषध खात्याचा इन्स्पेक्टर आला तर? फार्मासिस्ट कुठाय म्हणेल." हे ऐकून मला हसू फुटलं, पण त्यांचं खरं होतं. मग म्हातारीच्या सुनेला फोन करून बोलावलं. ती घरकुल वसाहतीतून यायला वेळ लागला, तोवर मी एक कागद लिहिला. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, रोज, कधीपासून, शेवटचा डोस कधी, आता काय काय होतंय, आणि खाली ठळक अक्षरात: ही गोळी आठवड्याची आहे, रोज घेतली गेली. खाली माझं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. नंबर मला तोंडपाठ होता. रिक्षा ठरवून दिली, दोन्ही पट्ट्या आणि पाकीट पिशवीत घालून सुनेच्या हातात दिलं. पाकीट हरवू नकोस, तिला बजावलं.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही बऱ्याच खाली. मेथोट्रेक्सेट शरीरातला फोलेटचा वापर अडवतं. ज्या पेशी सतत नव्या तयार होतात, तोंडातलं अस्तर, हाडातला मगज, त्यांना आधी फटका बसतो. आठवड्यातून एकदा घेतलं की मधल्या दिवसांत त्या सावरतात, रोज घेतलं की सावरायला सवडच मिळत नाही. अशा वेळी साधं फॉलिक ॲसिड पुरत नाही, फॉलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन, द्यावं लागतं. तिला ती इंजेक्शनं दिली. काही दिवस ती ॲडमिट होती. मी एकदा भेटून आले. तोंडातले फोड बरे होत आले होते आणि ती छाटाच्या पैशांवरून सुनेशी भांडत होती, त्यावरून समजले की बरी आहे.

मालक दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "पट्टी आपल्याकडची नव्हती ना?" बॅच नंबर मी आदल्या दिवशीच सॉफ्टवेअरला टाकून बघितला होता. नव्हती. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, मग आपण यात पडायचं नाही. त्या दुसऱ्या दुकानात मी सुनेला फाइल घेऊन पाठवलं होतं. तिथे तिला, असं होतंच कसं, असं विचारण्यात आलं, म्हणजे तिलाच. पुढे तक्रार करायची का हे तिच्यावर सोडलं. ती म्हणाली, दिवस कुठाय अक्का त्यासाठी. मला ते पटलं नाही, पण रोजगार बुडवून ऑफिसांचे उंबरे झिजवायला सांगणारी मी कोण?

आमच्या दुकानात एक गोष्ट मात्र मी बदलून घेतली. मेथोट्रेक्सेट दहाची पट्टी म्हणून आता द्यायचं नाही. महिन्याच्या चार गोळ्या कापून द्यायच्या, आणि वेगळ्या पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहायचा, मराठीत, लागेल तर तेलुगू किंवा कन्नडमध्ये. अक्कलकोट, विजयपूरकडचे पेशंट खूप असतात, म्हणून कन्नडचा वार मी औषध कंपनीच्या एका एमआरकडून (प्रतिनिधीकडून) लिहून घेतलाय. फॉलिकचं पाकीट त्याच्याबरोबर लगेच द्यायचं नाही, आधी पहिलं समजावून मगच दुसरं. मामा सुरुवातीला कुरकुरले. आता ते स्वतःच पेशंटला उलट विचारतात, "सांगा बघू, कधी घ्यायची?" चुकलं की पुन्हा सांगतात, ओरडून.

मालकांची तक्रार वेगळी आहे. पट्टी कापली की उरलेल्या तुकड्याचं काय? बॅच आणि एक्स्पायरी पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते, ते टोक गेलं तर उरलेल्या गोळ्या परतही जात नाहीत. मी त्यांना दाखवलं, कोरं टोक आधी कापायचं, छापील टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं. आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर बॅच नंबर आपण पेनाने लिहायचा.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" ते म्हणाले.

म्हटलं, माझ्याकडे आहे. दहा ते सहा.

त्यावरून या महिन्यात पगाराचं बोलणं काढलंय. ते बघू म्हणालेत.