३२ घरांचा पुनर्विकास आणि रस्त्याचा राहिलेला प्रश्न

विक्रोळीच्या कन्नमवार नगरापासून चेंबूरच्या टिळकनगरापर्यंत पूर्व उपनगरांत म्हाडाच्या ज्या जुन्या वसाहती आहेत, त्यांपैकी एका वसाहतीत आमची ३२ सभासदांची चार मजली इमारत उभी होती. ती २०२४ मध्ये पाडली गेली. सोसायटी कागदावर शिल्लक आहे आणि तिचा सचिव या नात्याने तिचे दप्तर मी भाड्याच्या घरातील कपाटात सांभाळतो आहे. पुनर्विकास करावा की करू नये, या प्रश्नावर आमच्याकडे फारसा वाद नव्हता, कारण स्लॅबचे तुकडे पडू लागले होते आणि सव्वादोनशे चौरस फुटांत तिसरी पिढी मावत नव्हती. वाद झाला तो कसा करावा यावर, आणि त्यातच तीन वर्षे गेली.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ अन्वये ४ जुलै २०१९ रोजी निघालेला पुनर्विकासाच्या कार्यपद्धतीचा शासन निर्णय मी तेव्हा अक्षरशः पाठ केला होता. विकासक निवडण्याच्या सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत, म्हणजे आमच्याकडे २२. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, म्हणजे १७. शिवाय उपनिबंधकांचा प्रतिनिधी समोर हवा आणि सभेचे चित्रीकरण व्हायला हवे. पहिल्या सभेला १९ जण आले आणि ती तहकूब करावी लागली. दुसऱ्या सभेच्या वेळी मी दोन दिवस आधीपासून घरोघर फिरलो. एक सभासद गावी होते, त्यांना गाडीचे तिकीट काढून बोलावले आणि त्या तिकिटाचे पैसे कोणत्या खात्यात टाकावेत यावरही नंतर चर्चा झाली. जिन्यात मोठ्या आवाजात बोलणारी मंडळी कॅमेऱ्यासमोर मात्र शाळेतल्या मुलांसारखी शांत बसली, ही गोष्ट मला आजही गंमतीची वाटते.

खरी खडाजंगी दोन प्रस्तावांवर झाली. एका विकासकाने दुसऱ्यापेक्षा ४० चौरस फूट अधिक चटई क्षेत्र देऊ केले होते, परंतु शासन निर्णयानुसार प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी देण्याचा विषय निघाला की तो पुढच्या बैठकीत बोलू म्हणत असे. तरुण सभासदांना ते ४० फूट हवे होते. निवृत्त सभासदांनी आसपास अर्ध्यावर थांबलेले सांगाडे पाहिले होते. तळमजल्यावरच्या एका काकूंनी वेगळाच प्रश्न विचारला. आज महिना ६०० रुपये मेंटेनन्स आहे, उद्या दोन लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षक आले की तो कितीवर जाईल आणि कॉर्पसच्या, म्हणजे विकासक सोसायटीला देणार असलेल्या ठेवीच्या, व्याजातून तो किती वर्षे भागेल? आमच्या पीएमसीने, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराने, त्याचा हिशेब तोपर्यंत केलेलाच नव्हता. तो करून मांडल्यावर चार जणांचे मत बदलले. शेवटी हमी देणारा विकासक २१ मतांनी निवडला गेला.

तोपर्यंत सगळी चर्चा दाराच्या आतली होती. दाराबाहेरचा विषय पहिल्यांदा निघाला तो शेजारच्या सोसायट्यांमुळे. विकास नियंत्रण नियमावलीच्या विनियम ३३(५) मध्ये म्हाडा वसाहतींना तीन चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय) मिळतो, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम करता येते. भूखंड ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठा आणि १८ मीटर रुंद रस्त्यालगत असेल तर चार. आमच्या ओळीत सात सोसायट्या होत्या. एकत्र आलो असतो तर एक मोठे मोकळे अंगणही राखता आले असते. मी सगळ्या सचिवांना चहाला बोलावले. तिघांचे करारनामे आधीच नोंदवले गेले होते, दोघांचे विकासक ठरले होते, आणि राहिलेल्या एकाने मला स्पष्ट सांगितले की सात समित्यांचे एकमत होईपर्यंत त्यांच्या इमारतीचा जिना थांबणार नाही. मला हे तेव्हा हट्टाचे वाटले. आज तितके वाटत नाही.

परिणाम असा की त्याच अरुंद अंतर्गत रस्त्यावर सात स्वतंत्र मनोरे उभे राहत आहेत. आमच्या एका भूखंडावर ३२ कुटुंबांच्या जागी शंभराहून अधिक येणार आहेत. म्हाडाच्या वसाहतींतील बांधकाम परवानग्या २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण म्हणून देते. पाणी, मलनिःसारण आणि कचरा महापालिकेकडे असतो. प्रत्येक प्रस्तावात त्या त्या इमारतीपुरता पाण्याचा हिशेब असतो आणि तो बरोबरही असतो. सातही हिशेबांची बेरीज कोणी केली आहे का, हे विचारायला मी गेलो. मला भेटलेल्या अभियंत्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि असा प्रश्न लोकप्रतिनिधींमार्फत प्रभाग समितीत मांडायचा असतो, असे सांगितले. ते नियमाला धरूनच होते. अडचण एवढीच होती की नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती, आयुक्त हेच प्रशासक होते आणि नगरसेवकांचीच बनलेली प्रभाग समिती अस्तित्वात नव्हती. मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ मध्ये आले, त्यानंतर शहराला नवे धरण मिळालेले नाही, हे त्यांनाही माहीत होते आणि मलाही.

मग जे हातात होते ते केले. करारनाम्याच्या मसुद्यात भूमिगत टाकी दोन दिवसांचे पाणी साठेल एवढी असावी, पावसाचे पाणी नुसते नकाशात न दाखवता बोअरपर्यंत नेऊन जिरवावे आणि फाटकाजवळचे जांभळाचे झाड जागेवर ठेवावे, ही तीन कलमे घातली. विकासकाच्या वकिलांनी झाडाच्या कलमापुढे ‘शक्यतो’ हा शब्द जोडला. तो काढून घ्यायला दोन महिने लागले, आणि या काळात विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्याची तारीख लांबते म्हणून माझ्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणे सोडले.

गेल्या महिन्यात सातही सोसायट्यांच्या नावे एक संयुक्त पत्र मी तयार केले. जलवाहिनीचा व्यास, मलवाहिनी आणि रस्त्याची रुंदी यांचा एकत्रित आढावा घ्यावा, एवढीच त्यातील मागणी आहे. पाच सचिवांनी सह्या केल्या आहेत. उरलेले दोघे म्हणतात की त्यांच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळाल्यावर सही करू.