पंधरा मिनिटांचा वारा

उद्या दुपारी पावणेतीन ते तीन या वेळात साताऱ्याच्या पठारांवर किती वीज होईल, हे आज सांगायचं. मला पगार मिळतो तो या कामाचा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकपुढे एक आकडा. हे शेड्यूल ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात जातं. तिथले लोक कोळशाची केंद्रं, कोयना, सौर आणि आमचा वारा यांची मोट बांधून राज्याची मागणी भागवतात. आकडा 15 टक्क्यांच्या पलीकडे चुकला की पवनचक्कीच्या मालकाला दंड बसतो. वीज नियामक आयोगाने 2018 मध्ये तसे नियम केले. दंड बसला की मालकाचा फोन आम्हाला येतो.

आमचे बाबा या धंद्याला कुडमुड्या जोशीपणा म्हणतात. त्यांची सगळी नोकरी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात झाली, तीही सीएचपीमध्ये, म्हणजे कोळसा उतरवून बॉयलरपर्यंत पोचवणाऱ्या विभागात. कोळसा डोळ्यांना दिसतो, रेक आली की मोजता येते. वारा कशात मोजणार? "काहून गं, आज किती वारा विकला?" हा त्यांचा रात्रीच्या फोनचा ठरलेला पहिला प्रश्न.

बाप कोळशात, लेक वाऱ्यात, हे ऐकून लोकांना वाटतं आमच्या घरी रोज भांडणं होत असतील. होतात, पण त्यांना वाटतं त्या मुद्द्यावर नाही. प्रदूषणाबद्दल बाबांशी वाद घालायची सोयच नाही, कारण उर्जानगरच्या वसाहतीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काय बसायचं ते आमच्या आईला आम्हा दोघांपेक्षा जास्त माहीत आहे. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 45 टक्के राखच असते. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साधारण आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे मालगाडीचे दोन रेक. त्यातली राख कुठेतरी जाणारच. चंद्रपूरची क्षमता 2,920 मेगावॅट. हिशेब तुम्हीच करा.

आमचं भांडण असतं ते वेळेवरून.

वाऱ्याची वीज वर्षाला किती, यावर सगळी भाषणं होतात. देशात मार्च 2025 मध्ये पवनऊर्जेने 50 गिगावॅटचा, म्हणजे 50 हजार मेगावॅटचा टप्पा ओलांडला. जुलैमध्ये बातमी आली की देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच "निम्मी वीज आता हिरवी" असं फिरलं. क्षमता म्हणजे वीज नव्हे. पवनचक्की वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाव भागाच्या आसपास चालते, सौर त्याहून कमी. प्रत्यक्षात देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन अजून कोळशाची आहेत. ज्या वर्षात वाऱ्याने 50 गिगावॅट गाठले, त्याच 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादनही पहिल्यांदा 100 कोटी टनांच्या पुढे गेलं. दोन्ही बातम्या खऱ्याच.

पण माझ्या टेबलावर 'किती' पेक्षा 'कधी' महत्त्वाचं. महाराष्ट्रातला वारा पावसाळ्याचा आहे. मे उलटला की वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर, तिकडे साक्रीतलं ब्राह्मणवेल, सांगलीतलं ढालगाव, सगळीकडची पाती जागी होतात, आणि वर्षाची बहुतेक वीज सप्टेंबरपर्यंत होऊन जाते. नेमक्या याच दिवसांत कोळशाचे हाल असतात. उघड्या खाणींत पाणी साचतं, उत्पादन उतरतं. जो कोळसा येतो तो भिजलेला. बाबा सांगतात, ओला कोळसा चुटमध्ये, म्हणजे तो खाली सोडणाऱ्या घसरणीत, अडकला की त्याचा काळा चिखल होतो, वरून आलेला माल त्यावर थापला जातो, बेल्ट थांबवावा लागतो आणि माणसं सब्बल घेऊन तो चिखल खाली ढकलत बसतात. देशातल्या कुठल्याही केंद्रात पावसाळी पाळीची ही कथा. बॉयलरमध्ये गेल्यावरही तो ओलावा आधी उडवावा लागतो, उष्णता त्यातच जाते.

म्हणजे आमचा वारा त्यांच्या मदतीला अगदी वेळेवर धावून येतो की नाही? मी बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझी छाती दोन इंच फुगली होती. ते म्हणाले, "पावसाळ्यात विजेला विचारतो कोण?"

बरोबर होतं त्यांचं. पाऊस लागला की शेतीपंप बंद, एसी बंद, मागणी खाली. त्यात वाऱ्याची वीज धो धो येते. मग भार प्रेषण केंद्र कोळशाच्या संचांना बॅकडाउन देतं, म्हणजे उत्पादन उतरवा. पण कोळशाचा संच स्कूटरसारखा वाटेल तेव्हा हळू करता येत नाही. क्षमतेच्या साधारण 55 टक्क्यांच्या खाली गेला की ज्वाला अस्थिर होते, मग ती टिकवायला महागडं तेल जाळायचं. पूर्ण बंद केला तर पुन्हा तापवायला तास नि तास. सतत तापणं-निवणं झालं की बॉयलरच्या नळ्या फुटतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये नियम केले की संचांनी टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरता आलं पाहिजे. नवे संच उतरतीलही. जुन्या 210 मेगावॅटच्या संचांसमोर हे वाचून दाखवायची माझी तरी हिंमत नाही.

खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये. मान्सून परततो, वारा पडतो, पठारांवरची पाती आळसावतात. वर ऑक्टोबर हीट, पंप पुन्हा सुरू, मागणी उसळते. आणि खाणी अजून पावसातून सावरलेल्या नसतात. 2021 च्या ऑक्टोबरात देशभरातल्या केंद्रांत सरासरी चारेक दिवसांचाच कोळसा उरला होता, ते आठवत असेल. त्या पंधरवड्यात वाऱ्यानेही पाठ फिरवली होती, आणि ते साहजिक आहे, ऑक्टोबरात तो फिरवतोच. जुलैमध्ये वाऱ्याच्या जोरावर कोळशाचा साठा वाचवून तो ऑक्टोबरसाठी राखता आला तर वाऱ्याचं खरं चीज होईल. त्यासाठी जूनमध्येच कोणीतरी पावसाळ्याच्या वाऱ्याचा अंदाज आणि कोळशाच्या साठ्याची वही शेजारी-शेजारी ठेवून बसायला हवं. ही दोन टेबलं आपल्याकडे फार लांब-लांब आहेत.

वारा आणि कोळसा या दोघांच्या मधला खरा मध्यस्थ आहे कोयना. वनकुसवड्याच्या कड्यावर उभं राहिलं की खाली शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय दिसतो. एकीकडे पाती, दुसरीकडे पाणी, मधे जेमतेम एक डोंगरउतार. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॅट आणि मशीन काही मिनिटांत सुरू होतं. वारा अचानक पडला की कोयना उचलते, वाढला की थांबते. पण कोयनेच्या पाण्यालाही रेशन आहे: पश्चिमेकडे सोडून वीज करायला वर्षाला 67.5 टीएमसी, कृष्णा लवादाने घातलेली मर्यादा. वर्ष मोजायचं 1 जून ते 31 मे. जुलैच्या वाऱ्यामुळे कोयनेची मशीनं जेवढी थांबतील, तेवढा कोटा एप्रिलच्या संध्याकाळसाठी शिल्लक. हा हिशेब मला फार आवडतो. सौर आणि वाऱ्यासोबत बॅटऱ्या हव्यात, पंप्ड स्टोरेज (जादा विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) हवं, हे आता सगळे म्हणतात. घाटघरला 250 मेगावॅटचं पंप्ड स्टोरेज 2008 पासून आहे, सह्याद्रीत आणखी बऱ्याच प्रकल्पांचे करार झालेत. होतील तेव्हा होतील. कोयना आज आहे.

आता अंदाजाची गोम. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. निदान मशीनची पूर्ण क्षमता गाठेपर्यंत हाच नियम. सेकंदाला सात मीटर धरला आणि आठ वाहिला, तर वीज जवळजवळ दीडपट. हवामानाच्या मॉडेलला एक मीटरचा फरक म्हणजे किरकोळ; आमची मात्र झोप उडते. त्यात सह्याद्रीचा कडा. मॉडेलच्या चौकटी काही किलोमीटरच्या असतात, आणि कड्याच्या तोंडावरचा वारा शंभर पावलं आत गेलं की वेगळा.

एवढं करून वारा बरोबर सांगितला तरी वीज येईलच असं नाही. जुलैतल्या एका दुपारी माझ्या पडद्यावर वारा जोरात आणि एका गटाची वीज शून्य. पाटण तालुक्यातल्या एका सर्व्हिस टेक्निशियनला फोन लावला. मागे धुकं आणि पाऊस यांचा असा आवाज की तो विहिरीतून बोलतोय असं वाटावं. "मॅडम, वारं ढीग हाय. लाइनच न्हाय." 33 केव्हीची तार तुटली होती, पठारावर दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, लाइनमन पायी निघाला होता. त्या दिवशी सेकंदाला बारा मीटरने वाहणारा वारा नुसता वाहून गेला. उपग्रह, मॉडेल, संगणक हे सगळं एका पोर्सेलीनच्या इन्सुलेटरवर येऊन थांबतं. पवनऊर्जेच्या परिषदांमध्ये उपग्रहांची सत्रं असतात, इन्सुलेटरचं सत्र मी अजून पाहिलेलं नाही.

ज्यांना वनकुसवड्याच्या जुन्या पवनचक्क्या बघून अभिमान वाटतो त्यांचा विरस करायचा नाही, पण त्या तिथे उभ्या राहिल्या त्यात वाऱ्याइतकाच आयकराचा हात आहे. पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी किमतीच्या आधी 100 टक्के, पुढे 2002 पासून 80 टक्के घसारा (यंत्राची झीज) खर्च म्हणून दाखवून कर वाचवता यायचा. नफ्यातल्या कंपन्यांनी मार्चएण्डच्या आत चक्क्या उभ्या करण्याची घाई केली. किती युनिट होतील याची चिंता नंतरची. ही सवलत 2012 मध्ये गेली, 2014 मध्ये परत आली, 2017 पासून 40 टक्क्यांवर आली. मधल्या काळात दर युनिटला 50 पैसे द्यायची योजनाही होती. ती मला जास्त शहाणी वाटते, कारण तिच्यात चक्की उभी करण्याला नाही, चालवण्याला पैसे होते. मग 2017 मध्ये लिलाव सुरू झाले, जो कमी दराने वीज देईल त्याला प्रकल्प. युनिटचा दर फेब्रुवारीत 3 रुपये 46 पैसे, ऑक्टोबरात 2 रुपये 64 पैसे, डिसेंबरात 2 रुपये 43 पैसे. वर्षभरात एक रुपयाहून जास्त घसरण. त्या दरात परवडेल असा वारा शोधत सगळे गुजरात-तामिळनाडूकडे गेले, आणि आपण मागे पडलो.

परिणाम असा की राज्यातला सर्वांत चांगला वारा, म्हणजे कड्याच्या तोंडावरच्या जागा, जुन्या बारक्या मशीनांनी अडवून ठेवल्या आहेत. वनकुसवड्याचं 350 किलोवॅटचं यंत्र घ्या: पात्यांचा व्यास 33 मीटर. आज उभ्या राहणाऱ्या यंत्रांचा 140 मीटरच्या पुढे. पाती जेवढी हवा कवेत घेतात ते क्षेत्र अठरा पट. जुनी काढून नवी बसवायचं धोरण केंद्राने 2016 मध्ये आणलं, 2023 मध्ये सुधारलं, तरी गाडं हलत नाही. एका पठारावर डझनांनी मालक. एकाने मोठी चक्की बसवली तर दुसऱ्याच्या जागेवरचा वारा अडतो. जुने वीजखरेदी करार वेगळे, जमिनीचे कागद वेगळे, कोयना अभयारण्याच्या सीमेचा प्रश्न वेगळाच. आणि रस्त्याने 70 मीटरचं पातं घेऊन सातारा-ठोसेघरची वळणं कोण घेणार?

गावकऱ्यांना काय मिळालं, हे मी पठारावर विचारायचं आता टाळते. नव्वदीत कवडीमोलाने गेलेल्या जमिनी आणि वॉचमनच्या नोकऱ्या, हेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळतं. मराठवाड्यातल्या नव्या प्रकल्पांभोवती खंडणीचं जे चालतं ते 2024 च्या डिसेंबरनंतर महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आपण वाऱ्याचे नकाशे सुरेख काढतो. सातबारा लागला की हात थरथरतात.

आणि चंद्रपूर? तिथे वारा नाही. असलाच तर उन्हाळ्यातली झळ. साताऱ्यात कितीही चक्क्या फिरल्या तरी बाबांच्या खात्यातल्या कंत्राटी पोरांना त्यातलं काम मिळणार नाही. पन्नास चक्क्यांची देखभाल मूठभर माणसं करतात. 'ऊर्जा संक्रमण' हा शब्द पुण्यात ऐकायला बरा वाटतो, चंद्रपुरात तो व्हीआरएससारखा ऐकू येतो. मला यावर तयार उत्तर नाही आणि जे देतात त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

गेल्या आठवड्यात बाबांनीच एक मुद्दा काढला. पहिले दोन 210 मेगावॅटचे संच कधीचेच निवृत्त झालेत, पुढचेही होतील. "पण स्विचयार्ड तर तिथंच राहते नं? आन् पडघ्याची लाइन?" चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) वाहिनी 1999 पासून 1,500 मेगावॅट मुंबईच्या दिशेने वाहून नेते. अशी वाहिनी आज नव्याने टाकायची म्हटलं तर नुसत्या जमिनीच्या वाटाघाटींत वर्षं जातील. संच बंद पडला की तिच्यातली तेवढी जागा रिकामी. विदर्भात ऊन भरपूर आहे. बंद संचांच्या आवारात बॅटऱ्या ठेवा, दिवसा सौर भरून घ्या, संध्याकाळी त्याच तारांवरून पाठवा, असं त्यांचं म्हणणं. बॅटऱ्यांची राखण, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर हे काम सीएचपीतली पोरं शिकू शकतात, हेही त्यांनीच जोडलं.

मी त्यांना विचारलं, ऑक्टोबरात ढग असले तर? ते म्हणाले, तो आकडा तू सांगायचा, त्याचाच पगार घेते नं.