जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, पण बूट मेनूनं जीव काढला

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा, म्हणजे विंडोज ११ घेत नाही. नवी पेठेतल्या एका दुकानात विचारलं तर "काका, आता नवाच घ्या की." का म्हणून? ८ जीबी रॅम आहे, एसएसडी टाकलेली आहे, मशीन ठणठणीत आहे.

मग ठरवलं, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. मिंटची आयएसओ फाईल (इन्स्टॉल करायची सगळी सिस्टीम एकाच फाईलमध्ये) जवळपास ३ जीबीची, ती उतरवली, रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहिली, त्यातल्या पार्टिशन स्कीमच्या पर्यायात जीपीटी ठेवलं, झालं.

खरं डोकं उठलं ते पुढं. लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबायचं, बूट मेनू येतो म्हणतात, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी. कितीही दाबा, विंडोजच उघडतंय. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर मशीन न बघताच, "पेनड्राइव्ह खराब असणार, नाहीतर घेऊन या, चेकिंगचा चार्ज पडेल." तोच पेनड्राइव्ह पुतणीच्या कॉम्प्युटरला लावला तर मिंटचा लोगो लगेच आला! मग मी चिडून एफ२ नं बायोस (विंडोजच्याही आधीची, मशीनची स्वतःची सेटिंग) उघडलं आणि एकेक ओळ वाचत बसलो. मेन टॅबमध्येच, "एफ१२ बूट मेनू" समोर डिसेबल्ड. या मॉडेलला ते कंपनीतूनच बंद असतं. ही एक ओळ फोनवर सांगायला काय जात होतं त्यांचं? एनेबल्ड केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, मेनू आला, पेनड्राइव्ह दिसला, निवडला तर सिक्युअर बूटचा एरर (मान्यता नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारं कुलूप). आणि सिक्युअर बूटची ओळ फिकट, हातच लावता येईना. त्याला या मशीनवर आधी बायोसमध्येच नवा सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंगचा) ठेवावा लागतो, मग ती ओळ उघडते आणि सिक्युअर बूट डिसेबल्ड करता येतं. काम झाल्यावर तो पासवर्ड काढून टाका, विसरलात तर परत त्याच लोकांच्या दारात.

हां, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे रुफस चालवायच्या आधी बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी ते उघडायची रिकव्हरी की लिहून ठेवा. आणि एफ१२ चालतच नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, "यूज अ डिव्हाइस" मधूनही पेनड्राइव्ह निवडता येतो, सगळ्या मशीनवर तो पर्याय येतोच असं नाही.

मिंट इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतं, तेव्हा वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तिथंच तपासून घ्या. माझं सगळं पहिल्या झटक्यात चाललं, मग इन्स्टॉलवर क्लिक केलं.