पांढरीतलं खापर

गावाच्या जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळीत पिकतं, पांढरीत माणूस राहतो. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचत साचत पांढर उंचावते, आणि तिच्या पोटात खापरांचा खच असतो. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती निघाली ती अशाच मातीखालून.

नाणं सापडलं की बातमी होते. पण काळ ठरवायला खापरासारखं दुसरं काही नाही. तांब्याचा हंडा आजीकडून नातीकडे जातो, नाणं पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरतं. मडकं फुटलं की उकिरड्यावर. घडण्यात आणि फेकण्यात अंतर थोडंच. शिवाय ते कुजत नाही.

उत्खननात प्रत्येक थराची पिशवी वेगळी. चिठ्ठ्या दोन, एक आत, एक बाहेर. आतली ओलीनं विरते, बाहेरची वाऱ्यानं जाते. मऊ ब्रशनं धुवायचं, सावलीत वाळवायचं, आतल्या अंगाला शाईनं खड्ड्याचा नि थराचा क्रमांक घालायचा. पोटाचे तुकडे ढीगभर मिळतात, काम होतं ते काठावर. वर्तुळात वर्तुळं आखलेल्या कागदावर काठ उपडा ठेवून, खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत हलवत बसायचं. मग तोंडाचा व्यास कळतो, आणि घागर की वाडगा तेही.

रंगाला भुलू नये. आतून काळं, बाहेरून तांबडं खापर म्हणजे बहुधा भांडं उपडं घालून भाजलेलं, आत हवा पोचली नाही. पण ही तऱ्हा हजाराहून जास्त वर्षं चालली. तेवढ्यावर तारीख सांगणारा धाडसीच म्हणायचा. तांबूस लेपावर पांढऱ्या रेघांची नक्षी असेल तर सातवाहनांच्या आसपास यायला हरकत नाही. माती बघून तर काळ ठरतच नाही. बेळगावजवळच्या खानापूरच्या मातीची भांडी आजही होतात.

खरा घोळ घुशी घालतात. त्यांना थर कळत नाहीत. माणसंही कमी नाहीत: कुणी धान्याचं पेव खणलं की खालची जुनी खापरं वर येऊन पडतात. म्हणून थराचं वय त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून धरायचं, जुन्यावरून नाही.

प्रयोगशाळेत खापर तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजतात, त्यावरून शेवटची भाजणी कधीची ते कळतं. घराला आग लागून खापर पुन्हा तापलेलं असेल तर तारीख त्या आगीची येते. चूक पाच-दहा टक्के धरली तरी 2000 वर्षांच्या खापराला शे-दोनशे वर्षं इकडेतिकडे. हा नमुना धुवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, लगेच काळ्या पिशवीत घालायचा. आणि भोवतालची मूठभर माती सोबत द्यायची, कारण तो प्रकाश म्हणजे किरणोत्सारानं खापरात साठलेली ऊर्जा, आणि तिचा काही वाटा या मातीकडून आलेला असतो. माती विसरली की पुन्हा खड्ड्यात उतरा; तोवर खड्डा बुजवलेला नसला म्हणजे मिळवली.