नागपूर ते रामटेक रिकंबंटवर: तळपायाची आग आणि तिचा बंदोबस्त

झिरो माईलहून रामटेक सुमारे ५० कि.मी. रस्ता बहुतेक सपाट, चढ म्हणावा असा फक्त शेवटी गडाचा. दोन रिकंबंट सायकली (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायच्या) आणि तशीच एक तीनचाकी ट्रायक असा आमचा ताफा डिसेंबरात पहाटे निघाला. रस्ता सोपा, पण पाय रिकंबंटवर असले तर हाच सपाटपणा छळतो. साध्या सायकलवर माणूस अधूनमधून पायडलवर उभा राहतो आणि चवड्यावरचा दाब सुटतो. रिकंबंटवर उभं राहताच येत नाही. सपाट रस्त्यावर तासभर चवड्याच्या त्याच दोन-तीन हाडांवर तोच दाब पडत राहतो. त्यात पाय जवळपास छातीच्या उंचीला असतात, त्यामुळे तळव्यापर्यंत रक्त नेहमीच्या जोराने पोचत नाही. आधी बोटांना मुंग्या, मग चवड्याखाली आग, मग पाय बधिर, हा क्रम ठरलेला.

हा त्रास सुरू झाला की पहिला संशय बुटांवर जातो. बूट बदलण्यात पैसे घालण्याआधी बूम आणि क्लीट (बुटाच्या तळाला लागणारी, पायडलात अडकणारी पट्टी) तपासा, बहुतेक वेळा मूळ तिथेच सापडतं.

बूम म्हणजे पायडलं पुढे धरणारी सरकती नळी. बूट घालून बसा, पाठ आणि कंबर सीटला टेकवा, क्रँक (पायडलाचा दांडा) सर्वांत लांब असताना पायडलावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरतो. हे करताना पायाने पायडल जोरात दाबून पाहा, कारण जोर लावला की अंग गादीत रुततं आणि अंतर बदलतं. बूम लांब राहिला तर बोटं ताणून पायडल गाठावं लागतं आणि सगळा भार चवड्याच्या टोकावर येतो. फार आखूड झाला तर गुडघे दुखतात. बूम २५ मि.मी. बाहेर काढला की साखळी ५० मि.मी. जास्त लागते, म्हणजे चार कड्या. थोडा फरक मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सांभाळून घेतो. जुळलं की नळीवर रंगाची खूण करा. दोनांपैकी एकच पाय जळत असेल तर समोर उभं राहून बघा, बूम किंचित फिरलेला असू शकतो.

क्लीट बुटाच्या खाचेत जितकी मागे जाईल तितकी न्या. साध्या सायकलसाठी क्लीट चवड्याच्या बरोबर खाली ठेवतात, रिकंबंटवर ती चवड्याच्या मागे बरी, म्हणजे दाब नसांवरून सरकून पायाच्या कमानीकडे जातो. क्लीट १० मि.मी. मागे गेली तर बूमही ४-५ मि.मी. आत घ्यावा लागतो, हे लोक विसरतात आणि मग पोटरी धरते. दोन स्क्रूंच्या क्लीटला (एसपीडी प्रकारच्या) ४ मि.मी.ची एलन की आणि ५-६ न्यूटन-मीटरचा ताण पुरतो. स्क्रूला थोडं ग्रीस लावा.

शहरातून बाहेर पडताना गड्डीगोदामच्या चार थरांच्या पुलाखालून कामठी रोड धरला. सिग्नलवर थांबा-निघा चालू असतं, पाय आपोआप मोकळे होतात, म्हणून कामठीपर्यंत तक्रार नसते. या रस्त्यावर ट्रक खूप, रिकंबंट बुटकी, तेव्हा मागे उंच काठीवर झेंडा आणि दिवसाही चालू असलेला लाल दिवा हवाच.

ट्रायकवाल्यांनी साध्या पायडलांवर हा रस्ता धरू नये. पाय घसरून जमिनीला टेकला तर गाडी त्यावरूनच पुढे जाते आणि घोटा आडव्या नळीखाली सापडतो, हाड मोडू शकतं. शिवाय पाय पडू नये म्हणून बोटं बुटात आवळून धरली जातात आणि त्यातूनच पेटके येतात. क्लीट नको असेल तर टाचेला आधार देणारा पट्टा असलेली पायडलं घ्या.

कामठीत तर्री पोहे खाऊन कन्हानच्या पुलावर आलो तेव्हा दोघांची बोटं बधिर झाली होती, पण कारणं वेगळी. डिसेंबरात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि रिकंबंटवर सर्वांत पुढे पावलंच असतात, वारं थेट त्यांनाच लागतं. पाचही बोटं गार, फिकट झाली तर ती थंडी: बुटाच्या पुढच्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावा, पातळ लोकरी मोजे घाला. जाड मोजे नकोत, बूट घट्ट होतो. तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये चटके आणि चवड्याखाली आग असेल तर तो दाब: पुढचा पट्टा सैल करा, हवं तर मधला घट्ट ठेवा. उन्हं चढली की पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा, पुढून रुंद आणि तळव्याने कडक घ्यावा. मऊ तळव्याचा बूट पायडलाभोवती वाकतो आणि पायडलाचा आकार थेट पायात रुततो. एवढं करूनही आग राहिली तर चवड्याच्या हाडांच्या किंचित मागे बसणारी छोटी फोमची गादी आतल्या सोलवर चिकटवा. ती थेट हाडांखाली लागली तर त्रास वाढतो.

कन्हान ते मनसर हा टप्पा सर्वांत लांब आणि सरळ, इथेच पायांची परीक्षा होते. हलका गिअर, मिनिटाला ८०-९० फेरे. सीटला पाठ रेटून जड गिअर दाबता येतो, म्हणूनच तो मोह वाईट. दर पाच मिनिटांनी वीसेक फेरे ढकलण्याऐवजी ओढून मारा. दर अर्ध्या-पाऊण तासाने, मुंग्या येण्याची वाट न पाहता, उतरून दोन मिनिटं चाला. मनसरला वाकाटककालीन अवशेष बघायला थांबता येतं, तेवढ्यात पाय पूर्ण निवतात.

रामटेकचा गड छोटा, पण उभा. सगळ्यात हलक्या गिअरवर चढवता येत नसेल तर गाडी खाली लावून चालत जा. गडापेक्षा खिंडसी तलावाकडचा रस्ता पायांना कितीतरी सुखाचा.

परतीच्या दुपारी उन्हाने पाय सुजलेले असतात, पट्टे पुन्हा सैल करून निघा. घरी पोचल्यावर क्लीटचे स्क्रू हाताने तपासा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उरला, किंवा मधुमेह असून बोटांची जाणीव कमी वाटली, तर सेटिंग करत बसू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.